एका बेडकाचा कौल

रत्नागिरीतल्या आमच्या घरमालकांना नुसतं 'बेडूक' म्हटलेलं खपत नसे. बेडकांवर राग होता म्हणून नव्हे. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेला हा माणूस बेडकांपायी खुळा झालाय, असं लोक म्हणायचे, आणि लोक फारसे चुकत नव्हते. पण कुणी "काल अंगणात बेडूक आला होता" म्हणालं रे म्हणालं, की यांचा प्रश्न तयार.

"कुठला?"

"कुठला म्हणजे? बेडूक."

"अहो, पाहुणा आला होता म्हणता, मग कोण आला होता ते सांगाल की नाही? मेहुणा आला होता की विम्याचा एजंट, फरक पडतो ना?"

तो माणूस पुढच्या वेळी अंगणात हत्ती आला तरी यांना सांगायचा नाही.

आमच्या ह्यांची बदली रत्नागिरीला झाली ते साल अठ्ठ्याण्णव. मी मिरजेकडची. रत्नागिरीतल्याच एका हायस्कुलात मला गणिताची नोकरी मिळाली. पावसच्या रस्त्याला, गाव संपता संपता, उतारावर घरमालकांचं चिऱ्यांचं घर होतं आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. आम्ही बघायला गेलो, तर भाडं, पाणी, वीज यांबद्दल एक अक्षर नाही. मला म्हणाले, "पावसाळ्यात मागच्या दारचा दिवा तिन्हीसांजेला लावायचा नाही. चालेल?"

"का हो?"

"गाणारे लाजतात."

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. मग त्यांनी विचारलं, "शिकवता काय?" मी म्हटलं, "गणित." तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलला, की जणू मी दुखण्यावर औषध घेऊन आले होते. "बरं झालं हो. या घरात एकाला एक म्हणणारं कुणीतरी हवंच होतं." आम्हाला खोल्या मिळाल्या त्या या एका वाक्यावर. त्याचा अर्थ मला पुढे कळला. कळला म्हणजे काय, तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला.

त्यांना 'सर' म्हटलेलंही चालायचं नाही. "रत्नागिरीत दगड भिरकावलात तर सराला लागेल. ते नाव नव्हे, जमात आहे जमात!" म्हणून मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला गणितबाई म्हणायचे. आणि काकू मला 'अगो' म्हणायच्या. माझं नाव त्या घरात कुणी घेतलंच नाही.

काकू म्हणजे त्यांची बायको. गोरी, ठेंगणी, सदा पदर खोचलेली. नवऱ्याबद्दल तक्रार करण्यात त्यांचा दिवस जायचा आणि तो बरा जायचा. पावसाळ्यात ओटीवरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची सोय नव्हती, कारण दोरीवर काकांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. हवा भरून फुगवलेल्या, तोंडाला रबर लावलेल्या, आत ओली पानं आणि एकेक बेडूक. काका त्यांना बघायचे, त्यांच्याशी बोलायचे, आणि दोनचार दिवसांनी जिथून आणले तिथे नेऊन सोडायचे. "लोकांच्या दोरीवर लुगडी, आमच्या दोरीवर ही शिंची पोरं," काकू म्हणायच्या. त्या घरात मूलबाळ नव्हतं. 'पोरं' म्हणताना काकूंचा आवाज क्षणभर बदलायचा आणि लगेच पुन्हा तक्रारीवर यायचा.

काकांचे बेडूक म्हणजे झुडपी बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, बोटांच्या टोकांना चकत्या, झुडपात पानावर बसलेला. यांना डबकं लागत नाही. ओल्या पाचोळ्यात नाहीतर पानावर अंडी घालायची, आणि त्या अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न येता थेट चिमुकला बेडूकच बाहेर. हे मला कळलं ते काका आमच्या शाळेत काचेची बरणी घेऊन भांडायला आले तेव्हा. सातवीच्या पेपरात बेडकाच्या वाढीच्या अवस्था विचारल्या होत्या, आणि पाण्यातली शेपटीवाली अवस्था न लिहिणाऱ्या शेजारच्या मुलीचे मार्क कापले होते. "तिने चूक नाही केलीन, तुम्ही कुठला बेडूक ते विचारलं नाहीत," असं ते आमच्या हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तर राजापूरचे, अंगात मुरलेला थंडपणा. म्हणाले, "काका, मला पटलं. आता बोर्डाला पटवा, आणि मग बेडकाला सांगा पुस्तकाप्रमाणे वागायला." मुलीचे मार्क काही वाढले नाहीत. काकांनी तिला स्वतःच्या आवारातलं रामफळ दिलं.

पण त्यांचं खरं दुखणं निराळं होतं. ते होतं मोजण्याचं.

मी एकदा सहज विचारलं, "काका, या झुडपी बेडकांच्या जाती तरी किती?" त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि समजावलं. एकाच जातीत एक हिरवा असतो, एक तपकिरी, एकाच्या पाठीवर पट्टा, एकाच्या अंगावर ठिपके. आणि सगळे एकाच आईच्या पोटचे असू शकतात. उलट, दोन बेडूक हुबेहूब सारखे दिसतात, पण त्यांची ओरड वेगळी असते, आणि मग ते दोन निराळी घराणी निघतात.

"म्हणजे वेगळे दिसतात ते एक, आणि सारखे दिसतात ते दोन?"

"कधी कधी."

"आणि एरवी?"

"एरवी वेगळे दिसतात ते वेगळेच."

"मग ओळखायचं कसं?"

"तेच तर!" ते आनंदाने म्हणाले. मी त्या दिवशी वर्गात लसावि शिकवताना दोनदा चुकले.

राजापूर तालुक्यात, आत, एका गावाला देवाची राई आहे. राई म्हणजे देवासाठी राखलेलं रान. काका नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले होते आणि तिथे त्यांना ते दोघं भेटले. एक हिरव्या पाठीचा, एक तपकिरी पाठीचा. एक ओरड 'टिक टिक टिक', कुणी दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तशी. दुसरी 'ट्रर्र', घड्याळाला किल्ली दिल्यासारखी. कुठल्याही पुस्तकात हे जसेच्या तसे नाहीत, अशी काकांची खात्री. पण हे दोन्ही मिळून एकच नवी जात, की यातला एक पुस्तकातला जुनाच आणि दुसरा तेवढा नवा, हे काही केल्या ठरेना. सकाळी ते एक असायचे, संध्याकाळी दोन. काकूंनी त्यावर स्वयंपाक बसवला होता. मला खिडकीतून विचारायच्या, "अगो, आज एक आहेत की दोन?" एक असले तर काका पोटभर आमटीभात जेवायचे. दोन असले तर नुसता ताकभात, तोही भांडत भांडत.

"काका, काहीतरी एक ठरवा आणि नाव ठेवून मोकळे व्हा," मी म्हटलं.

"तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही, गणितबाई. ज्याला नाव ठेवायचं तो बेडूक स्पिरिटच्या बाटलीत जन्मभर जपून ठेवावा लागतो. उद्या कुणी विचारलं, हे नाव कुणाचं, तर बाटली दाखवायची. आमच्या शास्त्रात बारसं मेलेल्याचं करतात."

आतून काकू म्हणाल्या, "करा ना मग! ह्या घरात एक बारसं व्हायचं राहिलंय, ते बेडकाचं तरी होऊ दे." नंतर काका मला हळूच म्हणाले, "नाव नसलेला जीव शास्त्राच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो हो. मी आज आहे, उद्या नाही. मी गेलो की त्याला ओळखणारं कोण?" नाव त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ते मात्र त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं.

तर राईतून बेडूक आणायचा. पण त्या राईतून सुकी काटकीसुद्धा बाहेर जात नाही. सरपणाला नाही, लग्नाच्या मांडवाला नाही. न्यायचं तर देवाला विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. काका काही देवभोळे नव्हते. गणपतीत आरतीला उभे राहिले तरी पानांवर बेडूक शोधत असायचे. तरी ते निघाले. काकूंनी मला बरोबर पाठवलं. "तू जा गो. ते तिथे वाद घालतील आणि परत येणार नाहीत." रविवार होता, शाळेला सुट्टी. राजापूरपर्यंत एसटी, तिथून दुसरी एसटी, मग चढाची वाट.

एसटीत काका ठाम होते. दोन. शंभर टक्के दोन. खिशातून दोन पिशव्या काढून दाखवल्या, एक हिरव्यासाठी, एक तपकिरीसाठी. मला जरा बरं वाटलं, एकदाचं ठरलं म्हणून. वाटेत राईच्या कडेला त्यांनी एका पानाकडे बोट दाखवलं. पानावर एक हिरवा आणि एक तपकिरी शेजारी शेजारी बसले होते. काका थबकले. छत्री तशीच उघडी. उरलेला चढ त्यांनी पुन्हा पुन्हा मागे वळून बघत चढला.

देवळात गुरव होते, वाळलेले, ताठ, डोक्याला पंचा. गावातली चार माणसं जमली. देवाच्या पाषाणावर पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. विचारायचं. उजवी आधी पडली तर होय.

"काय न्हेयचाय?" गुरवांनी विचारलं.

"बेडूक."

माणसं हसली. गुरव हसले नाहीत. "किती?"

"एक," काका म्हणाले.

मी त्यांना कोपराने ढोसलं. ते माझ्याकडे बघेचनात. गुरवांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्यो रत्नागिरीचा मास्तर आज तुझ्या दारात आलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

"तुझ्या राईतला एक जीव, बेडूक, शिक्षणाच्या कामाला न्हेयचा म्हणतोय. एक. एकावर दुसरा नाय. तुझ्या मनात असल तर उजवी दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडे बघत उभे. मीसुद्धा. मग उजवी पाकळी घसरली आणि पायरीवर पडली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. देव न मानणाऱ्या माणसाच्या!

आम्ही बाहेर आलो, चपला घालतोय, तोच राईतून आवाज आला. टिक टिक टिक. आणि लगेच, जरा पलीकडून, ट्रर्र. काकांचा चेहरा उतरला.

"दोन आहेत," ते म्हणाले.

"काका!"

"ऐकलंत ना? दोन आहेत. यातला एक जुनाच असणार. कुठला उचलू? चुकीचा उचलला तर देवाचा एक फुकट जाईल. दोघांना शेजारी ठेवून बघायला हवं." ते उलट पावली आत गेले. "गुरव, जरा दोन करा."

गुरव पाकळ्या पुसत होते. "मास्तर, देवाला काय बाजारात बसवलाय? एक मागितलात, एक दिलान. दिलेल्या शब्दावर पुन्हा इचारीत नाय."

परतीच्या वाटेवर मी चिडले होते. "दोन पिशव्या घेऊन आलात, मग एक का म्हणालात?"

"तेव्हा एकच होते ना," काका म्हणाले.

एसटीची वाट बघताना मी म्हटलं, "काका, तुम्ही देव मानत नाही. गुपचूप दोन उचला, पिशवीत घाला. कोण बघतंय?" ते असे संतापले की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "मी मानत नाही! पण माझ्यासाठी ती चार माणसं व्हय म्हाराजा म्हणाली ना? माझ्या बेडकासाठी! मी आजवर परिषदांना गेलो, साहेबांपुढे उभा राहिलो, माझ्या बेडकाला कुणी व्हय म्हटलं नाही." मला ते तेव्हा पटलं नाही. आता पटतं, पण का पटतं ते सांगता येत नाही.

त्यानंतरचे पावसाळे असेच गेले. काका आपल्या एका बेडकासाठी राईत जायचे, दिवसभर बसायचे आणि रिकामी पिशवी फुगवून परत यायचे. हिरवा उचलावा तर तपकिरी नवा वाटायचा, तपकिरी उचलावा तर हिरवा. राजापूरच्या गाडीचे कंडक्टर त्यांना ओळखू लागले. "काय काका, आजपण शिंगल?" असं म्हणून तिकीट फाडायचे. गावात त्यांची थट्टा होऊ लागली आणि काकूंच्या कानावर ती यायची. "देवाने दिलान, आणि ह्यांना घेता येत नाही," त्या म्हणायच्या. "लग्नातही असंच केलनी. शालू निवडायला गेले, ते दुकान बंद झालं तेव्हा नुसते परत आले. माझा शालू माझ्या मामाने आणलान."

मग पुण्याहून एक तरुण संशोधक आला. लॅपटॉप, टॉर्च, कमरेला लावायची पिशवी. काकांपुढे फार नम्र. त्याने सांगितलं की आता रंग नको, ओरड नको. बेडकाच्या बोटाचं टोक जरी मिळालं तरी एक की दोन ते डीएनएवरून कळतं. काका हर्षाने उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एकटेच राजापूरला. संध्याकाळी परत आले ते डोलत.

"काय म्हणाले गुरव?"

"म्हणाले, बोटाचं देवाला इचारलं नव्हतं. मी म्हटलं, मग आता विचारा. तर म्हणतात, आधीचा एक अजून न्हेलात नाय. तो तसाच पडून हाय. तो उचलल्याबिगर नवा कौल कसा लावू?" काकांनी मांडीवर थाप मारली. "गणितबाई, तो माणूस तुमच्यापेक्षा पक्का आहे हो हिशेबाला!"

पण जाताना तो पोरगा जे म्हणाला, ते काकांच्या मनातून गेलं नाही. "सर, घाटात सगळीकडे शोध चाललाय. तुम्ही नाही ठेवलंत, तर नाव दुसरं कुणीतरी ठेवेलच." काकांनी त्याला 'सर' म्हटल्याबद्दल टोकलंही नाही. तेव्हाच मी समजले, की घाव लागलाय.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी चढ बंद केला. पावसाळा लागल्यावर काकूंनीच पुढाकार घेतला. "जा, आणि आणा एकदाचा. कुठलाही आणा. पण आणा." मला म्हणाल्या, "अगो, तू जा बरोबर. आणि ह्या वेळी ढोसू नकोस, सरळ त्यांच्या हातात दे." आम्ही गेलो. चढावर ते चार वेळा बसले. राईत शिरल्याबरोबर एका पानावरचा हिरवा त्यांनी डोळे मिटून उचलला. खरंच डोळे मिटून. मी पिशवी धरली, त्यांनी आत ठेवला, पानं घातली, रबर लावलं. झालं! इतक्या वर्षांचं काम एका झटक्यात.

एसटीत पिशवी त्यांच्या मांडीवर. कंडक्टर वाकून बघतो तो काय, आत जीव! "अरे वा! काका, ह्याचं हाफ काढू?" सगळी गाडी हसली. काकाही हसले. लांजा मागे पडला असेल, तोवर मी सहज पिशवीकडे बघितलं. आतला बेडूक तपकिरी होता.

"काका, हा तर हिरवा होता ना?"

काकांनी पिशवी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी काकूंनी ओटीवर मेज पुसून ठेवलं होतं. त्यावर स्पिरिटची बाटली. शेजारी वाटीत साखर. साखर कशाला, असं मी विचारलं नाही. बेडूक काचेच्या बरणीत सोडला, वर जाळी बांधली. तिन्हीसांज झाली, दिवा लावायचा नाही हे आता मलाही पाठ झालं होतं. आम्ही तिघं अंधारात बरणीभोवती बसलो होतो. आणि बरणीतून आवाज आला. टिक टिक टिक. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज! काकूंनी पदर तोंडाला लावला. मग क्षणभर थांबून, ट्रर्र.

"एक!" काका ओरडले. "दोन्ही यानेच काढले. एकच आहे!"

"छे हो," काकू म्हणाल्या, "दुसरा आवाज त्या जास्वंदीतून आला. हा मेला नुसता टिकटिकत होता."

"जास्वंदीत? आपल्या?" काका माझ्याकडे वळले. "गणितबाई, तुम्ही सांगा. कुठून आला?"

मी कान देऊन ऐकलं होतं. तरी मला सांगता येईना. बरणीतून आला असेल, जास्वंदीतून आला असेल. देवाशपथ सांगता येईना. आम्ही पुन्हा आवाज यायची वाट बघितली. बरणी गप्प, जास्वंद गप्प.

सकाळी बेडूक बरणीच्या तळाला चिकटून बसला होता, निस्तेज. "हा बरणीत तगायचा नाही," काका म्हणाले. "नाव ठेवायचं तर आत्ता." त्यांनी बाटलीचं बूच काढलं. तो वास मला अजून आठवतो. मग त्यांनी बूच पुन्हा लावलं.

"आता काय झालं?" काकूंनी विचारलं.

"यात घातला की हा गप्प होणार. मग कोण सांगेल कुठून आवाज आला होता ते? मेलेला बेडूक कुठलाही म्हणून खपेल. बिननावाचा आहे, पण बोलतो तरी."

"म्हणजे ह्या घरात बारसं नाहीच," काकू म्हणाल्या. रडल्या नाहीत. वाटी उचलली, साखर डब्यात परत ओतली आणि आतून नारळ आणून काकांच्या पिशवीत घातला. "देवाला रिकाम्या हाताने जाऊ नका." मला त्या दोघांकडे बघवेना.

पहिल्या गाडीने आम्ही बेडूक परत नेला. काकांनी तो त्याच पानावर ठेवला. माझ्या मते ते पान निराळं होतं. गुरवांनी नारळ घेतला, सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, न्हेलात तेव्हाच तुमचा एक संपला. आता दुसरा नाय."

"ठाऊक आहे."

"पण जो सोडलात तो आता देवाचा नाय. तो तुम्ही राईला दिलेला. त्याचं गाऱ्हाणं वेगळं घालावं लागल."

येताना एसटीत काकांनी विचारलं, "गणितबाई, एक उणे एक किती?"

"शून्य."

"तुमच्यात बरं असतं हो," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

त्या वर्षांत घाटातल्या झुडपी बेडकांना भराभर नावं मिळाली. पुढे तर त्यांच्यातल्या कितीकांचं शास्त्रीय नावातलं आडनावच बदललं, असं वाचलं. पेपरात एकदा फोटो आला, हिरवा, ठिपक्यांचा. मी धावत काकांकडे नेला. त्यांनी भिंग लावून बघितला. "असेल," म्हणाले. "नसेलही." आणि खालची शब्दकोड्याची घरं भरायला घेतली. ठरवलेलं नाव त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एका माघात ते झोपेतच गेले.

पावसाळा लागल्यावर काकू माझ्या खिडकीशी आल्या. "अगो, मला ती राई दाखव. जन्मभर नावं ठेवली तिला, बघितली नाही कधी." आम्ही गेलो. गुरव आता काठी घेऊन चालत होते. त्यांनी काकूंना ओळखलं नाही. मी सांगितल्यावर पंचा नीट केला आणि देवापुढे उभे राहिले. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईची पोरं, सगळ्यांचं गाऱ्हाणं झालं. मग म्हणाले, "आणि रत्नागिरीच्या मास्तरांनी तुझ्या राईत एक जीव सोडलाय, त्याची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या. एकट्याच. दुसरं होतं कोण?

आम्ही राईच्या कडेच्या दगडावर बसलो. उजेड उतरत होता, शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती. आणि आवाज सुरू झाले. इकडून टिक टिक, तिकडून टिक टिक, वरून, खालून.

"यातला ह्यांचा कुठला गो?"

"कसं सांगू, काकू?"

"सगळे मेले सारखेच ओरडतात. काय सापडलं ह्यांना ह्यात, देव जाणे." त्या पदराने चष्मा पुसत होत्या. मग पलीकडून आला, ट्रर्र. काकूंचा हात तसाच थांबला. मान वळली. पुन्हा टिक टिक. पुन्हा ट्रर्र.

"दोन आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं.

"की एकच गो?"

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी उठले, हात पुढे केला. काकूंनी तो धरला, पण उठायला नव्हे, मला खाली बसवायला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "पुन्हा ऐकू दे."